खाल्ल्या मिठाला

चष्मा एकच होता. डावी काडी मोडलेली,
तिच्या जागी लोकरीचा दोरा.
साबिनोने तो पोराच्या डोक्यामागे गाठ मारून बांधला.
विल्मेरचा मिठावरचा पहिला दिवस,
मास्तरांचा संप, शाळेला कुलूप.
चष्मा मोठा, तोंड बारीक.
"घुबड दिसतोस," बाप म्हणाला
आणि स्वतःची टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली.

पण उयुनीच्या मिठावर ऊन नुसतं वरून येत नाही.
ते खालूनही येतं.
टोपीला न विचारता गालावरून चढतं,
नाकपुड्यांच्या आतली कातडीसुद्धा भाजतं,
आणि जाऊन बसतं पापणीआड,
पाहुण्यासारखं, चपला बाहेर न काढता.

दिवसभर काही झालं नाही.
हेच त्याचं वाईट.
कुऱ्हाडीने मीठ तासलं, विटा काढल्या,
विटेतले पट्टे पोराला दाखवले :
हे तपकिरी, धुळीचं वर्ष. हे पांढरं, पाण्याचं.
इथे कुठेतरी, या बोटभर जागेत, तुझा जन्म.
दिवेलागणीला एकशेचाळीस विटा.
सायकलवर पोर पुढे, वारा मागे.

रात्री नऊला डोळ्यांत पहिला कण.
दहाला मूठभर.
अकराला तो बासिलियाला म्हणाला,
कुणीतरी पापण्यांत मीठ भरून
वरून शिवून टाकलंय.
तिने मेणबत्ती विझवली. मग चुलीतला निखारा झाकला.
मग दाराच्या फटीतला चंद्रही सोसेना,
तिथे तिने पोतं कोंबलं.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
तो जागला.
उशी भिजली, आणि जे गालावरून ओठांत आलं
त्याची चव त्याला ओळखीची होती.

शेजारची देल्फिना वाटीत अंगावरचं दूध ठेवून गेली.
बटाट्याच्या चकत्या झाल्या.
सासू म्हणाली, नजर लागलीय,
आणि उतरवायला मुठीत घेतलं काय, तर मीठ.
तेव्हा तो त्या रात्रीतला एकदाच हसला.
"आज नको, आई. आज दुसरं काहीही."

सकाळी दवाखान्यात रोक्साना नर्सने
नारिंगी कागदाची पट्टी पापणीला टेकवली, निळा दिवा धरला.
विल्मेर वाकून बघत होता :
बापाच्या बुबुळावर हिरवे ठिपके,
सुईच्या टोकाएवढे, शेकडो.
तो मोजायला लागला. बत्तीसवर पापणी मिटली.
"बुबुळावर काच असते ना," ती म्हणाली,
"तिचं वरचं साल जळालंय. येईल दोन दिवसांत परत."
साबिनोने बधिर करणारे थेंब मागितले, घरी न्यायला.
तिने दिले नाहीत.
बधिर डोळ्याला आपण कधी चोळले गेलो ते कळत नाही.
मलम दिलं, पट्टी बांधली.

परतताना पोराने बापाचं बोट धरलं.
"खड्डा," म्हणाला. "कुत्रा."
मग बराच वेळ काही नाही, नुसती वाट.

दुपारी ट्रक आला. व्यापारी विटा मोजून म्हणाला,
एकशे बत्तीस.
साबिनो दारात बसलेला, डोळ्यांवर फडकं,
त्याने आवाजाकडे तोंड फिरवलं.
"एकशेचाळीस," विल्मेर म्हणाला. चष्मा काढला नाही.
व्यापाऱ्याने परत मोजल्या. मोठ्याने.

तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली.
पहिलं दिसलं ते चुलीमागचं काजळ,
वीस वर्षं भिंतीवर साठलेलं.
तो त्याच्याकडे बघत बसला.
बासिलियाने दोनदा हाक मारली.
"काळं," म्हणाला, "किती प्रकारचं असतं गं."

कोपऱ्यात पोर झोपलेलं, चष्म्यासकट.
संप मिटला म्हणे. शाळा सोमवारी.
बरं झालं.
चष्मा एकच आहे.